सोमारीबाईनं मांडलेलं दुसरं पान

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतो. पांढरी साडी, मोकळे केस, वडाचं झाड... सगळी भुतं एकाच दुकानातून साडी घेतात की काय, असं मी माझ्या मुलीला चिडवून विचारतो. मी ड्रॉइंग मास्तर. उभी नोकरी गोंदियाच्या एका शाळेत गेली, आणि पोरांना एकच गोष्ट ओरडून ओरडून सांगितली — जे दिसतं तेवढंच काढा, मनाचं घालू नका. असा माणूस आज या सदरासाठी कागद घेऊन बसलाय. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, मी त्यांच्यातलाच आहे.

गोष्ट १९५४ च्या उन्हाळ्याची. तेव्हा गोंदिया जिल्हा झालेला नव्हता, आम्ही भंडाऱ्यातले. शाळेला सुट्टी लागली की मी रंगांची पेटी, कागदांची गुंडाळी आणि एक वळकटी घेऊन पॅसेंजरने दरेकसाला उतरायचो. तिथून डोंगरात दोन-अडीच तास पायी गेलं की दहा-बारा घरांचा एक टोला होता. तिथे मंगरू आणि सोमारीबाई या गोंड नवरा-बायकोच्या पडवीत माझा मुक्काम असायचा. वॉटरकलरमध्ये डोंगर काढायचे, एवढंच वेड. त्याआधी सलग पाच उन्हाळे मी तिथे गेलो होतो. एकटाच.

घरी बायको असायची. देवकी. आमगावची, धानाची शेती असलेल्या घरातली. ती दरवर्षी सोमारीबाईसाठी माझ्यासोबत चोळीचा खण पाठवायची आणि दरवर्षी मला एकच म्हणायची, "डोंगर पुष्कळ झाले. एकदा मला काढा ना."

मी म्हणायचो, "डोंगर हलत नाहीत. तू सारखी हलतेस."

"नाही हलणार. बसून तर बघा."

"पुढच्या सुट्टीत," मी म्हणायचो. पाच सुट्ट्या गेल्या. लग्नात तिच्या भावाने फोटोवाला आणायचं ठरवलं होतं. मी नको म्हटलं. घरात चित्रकार असताना फोटो कशाला? नागपूरला आर्टस्कूलमध्ये शिकून आलेलो, मिजास तर विचारूच नका.

५३ च्या भादव्यात देवकी मुदतीच्या तापाने गेली. एकविसाव्या दिवशी. आमची शालू तेव्हा तीन वर्षांची होती. काही महिने ती रडली, मग हळूहळू थांबली, आणि एके दिवशी जेवता जेवता तिने विचारलं, "बाबा, आई कशी दिसायची?"

मी पेन्सिल घेतली. म्हटलं, ही घे, आत्ता दाखवतो. आणि मला येईना! नाक काढलं की डोळे जात, डोळे काढले की हनुवटी माझ्या आईची होई. मी पोरांना परीक्षेसाठी स्मरणचित्र शिकवायचो — छत्री घेतलेला माणूस, विहिरीवरच्या बायका. आणि सहा वर्षं जिच्या हातचं जेवलो, तिचा चेहरा मला आठवून काढता येईना. रात्रंदिवस घरात होती म्हणून कधी नीट पाहिलंच नाही. पन्नास-साठ कागद फाडले. लाज वाटते लिहायला, पण तसंच झालं.

मे महिन्यात शालूला माझ्या आईजवळ ठेवून मी डोंगरात गेलो. निघताना पोरीला काहीतरी सांगायचं म्हणून बोलून गेलो, "आईचं चित्र आणायला चाललोय."

टोल्यावर पोचलो तेव्हा तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन भरात होता. घरातले सगळे पहाटे पानं तोडायला जायचे आणि दुपारी चारोळीच्या, म्हणजे तिकडच्या चाराच्या, झाडाखाली बसून पानांचे पुडे बांधायचे. देवकी गेल्याचं मी कुणाला सांगितलं नाही. पहिल्या दुपारी सोमारीबाईनं पडवीत दोन पानं मांडली. पळसाच्या पत्रावळी, भात, चिंचेच्या पाण्यातली भाजी. मला वाटलं, दुसरं मंगरूचं. मंगरू मागाहून चुलीपाशी जेवला. दुसऱ्या दिवशी तेच. ते दुसरं पान तसंच राहायचं आणि संध्याकाळी कोंबड्यांपुढे जायचं.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "बाई, हे पान कुणासाठी मांडता?"

"बाईसाठी," सोमारीबाई म्हणाली.

"कोणत्या बाईसाठी?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काहीतरी वंगाळ बोललो. मग हात पुसत पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "भांडन झालं का जी, मास्तर? तीन दिवसापासून पाहून राहिली मी. दरसाल एकटे येता, औंदा बाईले संगं आनलं, अन् एक शब्द नाही बोलले तिच्याशी. थे बिचारी तुमच्या बाजूले बसून राह्यते. तुमी बोलल्याबिगर थे कशी जेवन?"

भर दुपार, पडवीच्या बाहेर ऊन नुसतं पेटलेलं, आणि मला थंडी वाजल्यासारखं झालं. मग राग आला. म्हटलं, कुणीतरी हिला सांगितलंय आणि ही माझी थट्टा करते. मी पानावरून उठलो आणि दोन तास ओढ्याच्या कोरड्या पात्रातून भटकत राहिलो. पण सांगणार कोण? सोमारीबाई सालेकसाच्या बाजाराच्या पलीकडे कधी गेली नव्हती, आणि माझ्या घरी तिथलं कुणी कधी आलं नव्हतं.

परत आलो आणि सांगून टाकलं. "बाई, माझी बायको भादव्यात गेली."

सोमारीबाई भ्यायली नाही. माझ्या डाव्या बाजूला एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मंग तर पान मांडाच लागते."

त्या रात्री झोप आली नाही. सकाळपर्यंत मी एवढंच ठरवलं होतं की खरं-खोटं नंतर पाहू. हिला दिसते ना? मग हिच्याकडून काढून घेऊ.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चाराच्या झाडाखाली बोर्ड मांडीवर घेऊन बसलो. सोमारीबाई समोर पुडे बांधत होती. माझ्या डावीकडे रिकामी जमीन, वाळकी पानं, दोन मुंगळे. मी पेन्सिल टेकवली आणि म्हणालो, "सांगा."

"काय सांगू जी? बसली आहे. गुडघा वर घेतला, त्याच्यावर कोपर, अन् हात गालाले लावला. डोरे खाली. तुमचा कागद पाहून राहिली."

मी काढत गेलो, ती पाहत आणि सांगत गेली. दर थोड्या वेळाने मी बोर्ड फिरवून तिला दाखवायचो. "नाक असं नाही. थोडं बसकं. कपार एवढं मोठं कायले काढलं? तुमचीच बाई आहे ना जी? तिचं कपार लहान आहे." उभ्या आयुष्यात कुणी माझ्या ड्रॉइंगला इतक्या चुका काढल्या नव्हत्या, आणि मी शाळकरी पोरासारखा खोडून पुन्हा काढत होतो. मध्येच न राहवून विचारलं, "थकली असेल ना ती?"

"नाही जी. जराही हालून नाही राह्यली."

मी बोर्ड खाली ठेवला आणि ढसाढसा रडलो. सोमारीबाईला कारण माहीत नव्हतं. ती पुडे बांधत राहिली.

दहा-बारा दिवसांत चेहरा कागदावर आला. तो देवकीचा होता. मला जो येत नव्हता तोच — बसकं नाक, लहान कपाळ, खालचा ओठ एका बाजूला किंचित दाबलेला. रंगही भरले. हिरवं लुगडं, सोमारीबाईनं सांगितलं तसं. फक्त गालाला लावलेला डावा हात राहिला होता, आणि तो मी पुरा करीना.

का, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. चित्र चालू आहे तोवर ती बसणार. हलणार नाही, असं तिने मला कबूल केलं होतं. म्हणून मी रोज मागचा डोंगर सुधारायचो, लुगड्याच्या चुण्या पुन्हा करायचो, झाडाला पानं वाढवायचो. हंगाम संपला, पानं विकत घेणारी पत्त्याची फळी उठली. शाळा उघडायला आठ दिवस उरले. तेवढ्यात दरेकसाच्या स्टेशनमास्तरांकडे आलेलं माझ्या आईचं कार्ड मंगरूने आणून दिलं. बाकीची खुशाली होतीच, शेवटी एक ओळ — शालू रोज विचारते, बाबांना आईचं चित्र मिळालं का.

सोमारीबाई म्हणाली, "मास्तर, हात राह्यला."

"राहू द्या."

"काऊन? तिकडं पोरगी वाट पाहून राहिली असन."

मी झाडाला आणखी एक पान काढलं. तेव्हा ती म्हणाली, "हे बाईबी आता पोरीची वाट पाहत असन जी."

मी ब्रश घेतला.

"बोटं लांब," ती सांगू लागली. "बांगड्या कोपराकडं घसरल्या आहेत. अन् मनगटावर गोंदन आहे. बारकी फांदी, पाच पानं."

"नाही," मी म्हणालो. "तिच्या हातावर गोंदण नव्हतं. कपाळावर एक टिपका होता, बस्स."

"आहे जी."

"अहो, माझी बायको होती ती!"

"तुमी पाहून राहिले का मी पाहून राहिली?"

मी फांदी काढली, पाच पानं काढली. ब्रश धुतला. मग डावीकडच्या रिकाम्या जमिनीकडे तोंड करून, त्या सबंध मुक्कामात पहिल्यांदाच, बोललो. "झालं बघ."

सोमारीबाईला विचारलं, "काय करते?"

"हासून राहिली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत एकच पान होतं. मी त्याच्याकडे पाहत उभा राहिलो. सोमारीबाई चुलीकडे तोंड करून बसली होती, वळली नाही. "जेवून घ्या जी," एवढंच म्हणाली. मी जेवलो. अन्नाला नाही म्हणायचं नसतं म्हणून जेवलो.

परतताना मी आमगावला उतरलो. सासूबाईंना चित्र दाखवायचं होतं. त्यांनी कागद उलगडला आणि माझी कल्पना होती की त्या चेहऱ्यावरून हात फिरवतील. त्यांनी बोट ठेवलं ते मनगटावर.

"हे तिनं तुमाले दाखवलं होतं?"

मी म्हणालो, "काय?"

"हे गोंदन. लग्नाच्या आदल्या साली मंडईच्या जत्रेत गोंदून आली होती. मंग तुमी पाहायले आले, अन् तिच्या बहिणीच्या हाताकडं पाहून बोलले का, गोंदन म्हनजे चांगल्या कागदावर शाई सांडली. दारामागून ऐकलं तिनं. तेव्हापासून ह्या एवढ्या बांगड्या भरे हातात. मले म्हने, त्यायले आवडत नाही, दिसू नाही द्यायचं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "शेवटच्या दिवशीही मी बांगड्या तशाच राहू दिल्या."

मी तसं बोललो होतो. मला आठवलं. हसत, सहज, चहाची कपबशी हातात घेऊन बोललो होतो.

आता स्पष्टीकरणाचं म्हणाल, तर पन्नास वर्षं शोधतोय. उन्हाने डोकं फिरलं म्हणावं, तर चित्र समोर आहे. चेहरा माझ्याच मनात दडला होता आणि सोमारीबाईच्या निमित्ताने बाहेर आला, असं माझा एक शिकलेला मित्र म्हणतो. मीही तेच म्हटलं असतं... पण ती फांदी? ती माझ्या मनात कुठून येणार? मी तर ती कधी पाहिलीच नव्हती. पुढच्या वर्षी चोळीचा खण घेऊन गेलो तेव्हा सोमारीबाईला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "दिसली म्हनून सांगतली. आनखी काय सांगू?" तिला त्यात नवल असं काही वाटलंच नव्हतं. त्यानंतर तिथे एकच पान मांडलं गेलं.

घरी पोचलो तेव्हा शालूने चित्र दोन्ही हातांत धरलं. बराच वेळ पाहून म्हणाली, "आई खाली काय बघते?"

"स्वतःचं चित्र."

"आवडलं का तिला?"

"हसली म्हणे," मी सांगितलं.

शालू आता स्वतः आजी झाली आहे, चित्र तिच्याकडे आहे. मी दुपारचं एकटाच जेवतो. दुसरं पान मांडत नाही, तेवढी हिंमत नाही. पण डावीकडे बसण्यापुरती जागा सोडतो आणि जेवता जेवता काहीबाही बोलतो. भाजीत मीठ जरा जास्त झालंय, शालूचं पत्र आलंय, असंच. तिकडून उत्तर येत नाही, येईल अशी आशाही नाही. पण कुणी पाहत असेल तर त्याला आमचं भांडण झालंय असं वाटू नये.