कॉम्प्युटरला लावलेला अंगारा

मागच्या देवशयनी एकादशीला मी देवापुढे सुपारी ठेवली आणि चातुर्मासाचा नियम धरला. कांदा-लसूण, वांगं हे तर दरवर्षीच सोडते. यंदा म्हटलं, जरा अवघड काहीतरी धरू. म्हणून नियम असा, की चार महिने कोणालाही ‘नाही’ म्हणायचं नाही. चहा घ्या, नीट टेकून बसा. या एका नियमापायी मी स्वतःच्या हाताने काय करून ठेवलं, ते ऐका.

नियम धरला तो केतकीसाठी. केतकी माझी मुलगी. तिच्या कंपनीने एका सकाळी बऱ्याच जणांना घरी बसवलं, त्यात ही. लॅपटॉपसुद्धा काढून घेतला. पोरगी घरात हसतखेळत वावरायची, पण ताटातली दुसरी पोळी तशीच राहायची. आईला दिसतंच ना ते?

यांना नियम सांगितला, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “कोणालाही?”

“कोणालाही.”

“मग दुपारी भजी करशील का?”

केली. काय करते?

आमच्या विश्रांतवाडीच्या बिल्डिंगमध्ये बातमी लिफ्टने फिरते. श्रावणात वरच्या मजल्यावरच्या पाटणकरवहिनी माझं पुरणयंत्र घेऊन गेल्या. तसं ते नावालाच माझं. सणाला तिन्ही मजल्यांचं पुरण त्यातूनच निघतं. वहिनींनी यंत्र परत आणलं, पण आतली जाळी होती त्यांची जुनी, भोकं मोठी असलेली. पुढच्या पुरणात अख्खी डाळ. ही जाळी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नवरात्र झालं आणि केतकीला मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत घरबसल्याच, कॉम्प्युटरवर, दुपारी चार वाजता. आधी एक परीक्षा, मग बोलणं. परीक्षेसाठी त्यांनी एक प्रोग्रॅम पाठवला होता. केतकीने तो सकाळी आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर घातला, चालवून पाहिला, सगळं व्यवस्थित. फक्त कॅमेऱ्यात तिचा चेहरा पाण्याखाली असल्यासारखा दिसत होता. म्हणून नवा कॅमेरा आणायला बापलेक बुधवार पेठेत निघाले.

दारात चपला घालताना म्हणाली, “आई, चार वाजेपर्यंत कॉम्प्युटरला कोणी हात लावायचा नाही. बघशील ना?”

मी म्हटलं, “हो.”

एक वाजता बेल वाजली. दारात पाटणकरवहिनी. हातात पेन ड्राइव्ह.

“ताई, दहा मिनिटांचं काम आहे. आमच्या रोहनला स्थळ आलंय, पत्रिका जुळवायची आहे. गुरुजी गावाला गेलेत आणि मुलीकडचे संध्याकाळी फोन करणार. भावाने हा कुंडलीचा प्रोग्रॅम दिलाय.”

“अहो, पण चारला केतकीची मुलाखत आहे.”

“चारला ना? आत्ता एक वाजलाय.” मग आवाज गोड करून म्हणाल्या, “आणि तुम्ही तर यंदा कोणाला नाही म्हणत नाही.”

आता सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? केतकीला हो म्हणून झालेलं. वहिनींनाही हो म्हणावं लागलं. आणि दोन होकारांना मिळून कॉम्प्युटर एकच.

पेन ड्राइव्ह लावला. पडदा काळवंडला आणि कॉम्प्युटरने विचारलं, या प्रोग्रॅमला बदल करू देऊ का? म्हटलं, हो. मग एक चौकट आली. इंग्रजीत होती, पण तेवढं मला वाचता येतं. मजकूर असा, की या नावाची फाइल इथे आधीच आहे आणि इथली जास्त नवी आहे. तिच्या जागी माझी जुनी घालू का?

खोटं नाही सांगत, माझं बोट आधी ‘नो’कडेच गेलं होतं. नवं काढून जुनं कोण घालतं? पण मनात आलं, देवापुढे मी काय म्हटलं होतं? ‘कोणालाही.’ माणसांपुरतं असं थोडंच म्हटलं होतं? ‘हो’ दाबलं. लगेच दुसऱ्या फाइलचं विचारलं. तेही हो. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा खाली एक बटण दिसलं, ‘सगळ्याला हो’. इतकं सोयीचं बटण मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. जणू माझ्या नियमासाठीच करून ठेवलेलं.

कुंडली उघडली. छत्तीसपैकी अठरा गुण आले.

“काठावर आहेत हो,” मी म्हटलं.

“काठावर म्हणजे जुळले,” वहिनी म्हणाल्या आणि पेन ड्राइव्ह घेऊन गेल्या.

मी सहज म्हणून केतकीचा परीक्षेचा प्रोग्रॅम उघडून पाहिला. उघडेना. एक लाल फुली आली आणि खाली लिहिलेलं, अमुक एक फाइल जुळत नाही. कुंडली जुळली, फाइल जुळेना. घड्याळात पावणेदोन.

यांना फोन लावला. “कुठवर आलात?”

“कॅमेरा घेतला. निघतोय. का गं?”

“सहज.”

“तीस वर्षांत तू सहज फोन केलेला नाहीस,” हे म्हणाले आणि मी घाईने फोन ठेवला.

मग मला वाटलं, पाहुण्याने घर बिघडवलं तर पाहुण्याला वाटेला लावावं. कुंडली काढून टाकली की सगळं पहिल्यासारखं होईल. काढायला घेतली, तर पुन्हा चौकट. ही मी दोनदा वाचली. ‘ही फाइल सामायिक आहे. आता ती कोणी वापरत नसावं असं दिसतं. काढून टाकू का? कोणी वापरत असेल तर त्याचं काम बंद पडेल. खात्री नसेल तर ‘नाही’ म्हणा. ठेवल्याने काही बिघडत नाही.’

चार महिन्यांत मला ‘नाही म्हणा’ अशी विनवणी करणारा तो एकटाच. आणि मी काय विचार केला असेल? ‘खात्री नसेल तर’ म्हणतोय ना? माझी देवावर पूर्ण खात्री आहे.

‘सगळ्याला हो.’

कुंडली गेली. जाताना काय काय घेऊन गेली देव जाणे. परीक्षेचा प्रोग्रॅम आता लाल फुलीसुद्धा दाखवेना. यांचा मराठी टाइपिंगचा प्रोग्रॅमही उघडेना. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, दोनदा. मग देवघरातून अंगारा आणला, पडद्याच्या वरच्या कडेला लावला, शेजारी निरांजन ठेवलं आणि जपमाळ घेऊन बसले. किती माळा झाल्या ते सांगता येणार नाही. दर माळेला घड्याळ मात्र बघत होते. पोरीच्या ताटातली पोळी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

पावणेतीनला कुलूप वाजलं. केतकी आत आली आणि जागीच थांबली.

“आई, कॉम्प्युटरला अंगारा कोणी लावलाय?”

मी सगळं सांगितलं. एक अक्षर लपवलं नाही. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती नुसती खुर्चीवर बसली. ते ओरडण्यापेक्षा वाईट.

“सामायिक फाइल म्हणजे काय, माहितेय का तुला?” स्क्रीनकडे बघतच ती म्हणाली. “तुझं पुरणयंत्र. एकच जाळी, सगळ्या प्रोग्रॅमांची. कुंडलीने स्वतःची जुनी जाळी घातली, म्हणून माझं पुरण अडलं. मग जाताना तिने विचारलं, ही जाळी कोणी वापरत नाही वाटतं, नेऊ का? तू म्हणालीस, सगळंच घेऊन जा.”

“पाटणकरवहिनींचा प्रोग्रॅम तो,” हे कॅमेऱ्याचं खोकं फोडत म्हणाले, “दुसरं काय करणार?”

“मग आता गं?” मी विचारलं.

केतकीने काहीतरी उघडलं. तारखा आणि वेळांची यादी आली. सगळ्यात वर आजचीच सकाळ.

“परतीचा टप्पा. सकाळी परीक्षेचा प्रोग्रॅम घालून झाल्यावर करून ठेवला होता. तेव्हा सिस्टिम जशी होती, तशी परत होते. झालं तर अर्ध्या तासात होईल.”

“आणि नाही झालं तर?”

तिने यादीतली सकाळची वेळ निवडली. पडद्यावर शेवटची चौकट होती: एकदा सुरू केलं की मध्ये थांबवता येणार नाही. पुढे जाऊ का?

“आई, तू दाब.”

“मी? नको गं बाई.”

“आला तोंडातून,” हे मागून म्हणाले. “भाद्रपद, आश्विन सांभाळलंस, आणि जिथे हो म्हणायचं तिथे नको.”

मी डोळे मिटून ‘हो’ दाबलं.

तो अर्धा तास तुम्हाला कसा सांगू? पडद्यावर एक गोल फिरत होता आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत होतो. कोणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. तीन पंचवीसला कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला. केतकीने प्रोग्रॅमवर क्लिक केलं. उघडला. तिने ओढणीने कडेचा अंगारा पुसला आणि म्हणाली, “आता दोघं बाहेर बसा. आणि बेल वाजली तर दार बाबा उघडतील.”

परीक्षा पार पडली आणि बोलणं सुरू झालं. मी दाराला कान लावून. इंग्रजी भराभर चाललेलं, पण एक प्रश्न कळला: अडचण येण्याआधीच तिची तयारी ठेवली, असा एखादा अनुभव सांगा.

“आज सकाळचाच सांगते,” केतकी म्हणाली. “मला घर सोडून बाहेर जायचं होतं. घरी कॉम्प्युटर होता, माझी आई होती आणि तिचा चातुर्मास चालू होता.”

पुढचं मला ऐकू आलं नाही. पलीकडून हसण्याचा आवाज आला तेवढा आला.

दुसऱ्या फेरीचं बोलावणं आठवड्यात आलं. आणि त्या दिवसापासून पोरगी दुसरी पोळी खाते आहे.

नियम मोडला का, हे विचारायला मी गुरुजींकडे गेले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, “मुलीला भीतीने नको म्हणालात, ते देव मनावर घेत नाही. पण काकू, ‘कोणालाही’ म्हणजे माणसाला. कॉम्प्युटर कोणी नव्हे. त्याला पहिल्याच चौकटीला ‘नाही’ म्हटलं असतंत, तरी नियम शाबूत होता.”

म्हणजे ती सगळी दुपार मी फुकटच करून घेतली होती.

कार्तिकीला सुपारी उचलली आणि लगेच नवा नियम धरला. तो तुम्हीही धरा, एवढं माझं मागणं आहे. घरच्या कॉम्प्युटरवर काही नवीन घालायचं तर आधी मुलाबाळांकडून परतीचा टप्पा करून घ्या. नव्या फाइलवर जुनी घालू का, असं विचारलं तर घालू देऊ नका. सामायिक काही काढायचं विचारलं आणि खात्री नसली, तर सरळ ‘नाही’ दाबा. माणसांना खुशाल हो म्हणा. कॉम्प्युटरला नाही म्हटल्याने पाप लागत नाही, मी विचारून आलेय.