जाळी मीच काढली

"अंगठा आहे ना शिल्लक! तंबाखूले आन् सहीले तेवढा पुरतो, भो."

उजव्या हाताची चारही बोटे गेल्यावर काका हे प्रत्येकाला ऐकवायचे. डाव्या तळव्यावर तंबाखू मळायची आणि चुन्याने भरलेला अंगठा दाराच्या चौकटीला पुसायचा. आतून बायको ओरडायची, "चौकट काय तुमच्या बापाची आहे?"

"घरमालकाची आहे. म्हणून तं पुसतो."

तुमच्याही चाळीत असा एखादा असेल, स्वतःच्या नुकसानीवर पहिला विनोद स्वतःच करणारा. मला अशा माणसांचा भयंकर राग येतो.

धुळ्याकडून आलेले काका बमरोलीजवळच्या एका कारखान्यात यंत्रमाग चालवत. मी तेव्हा विशीतला, युनियनची पत्रके लिहिणारा. मला ते "पत्रकवाले" म्हणत.

मागाच्या दातेरी चाकांवर लोखंडी जाळी असते. साफसफाईत वेळ जातो म्हणून शेठच्या सांगण्यावरून मुकादमाने ती काढून टाकली होती. सगळ्यांच्या देखत. त्या उघड्या चाकांत काकांचा हात गेला.

मी त्यांना भरपाईचा कायदा वाचून दाखवला. कायदा चांगलाच होता. शेठची चूक सिद्ध करावी लागत नव्हती. काम करताना इजा झाली, एवढे पुरे. शेठलाही सोयीचे होते, एकदा रक्कम भरली की पुढची कोर्टबाजी टळे. पण त्यात एक भोक होते. कामगाराने जाणूनबुजून जाळी काढली असेल, तर भरपाई नाही. कामगार मेला, तर मात्र ही सबब चालत नाही.

"म्हणजे मी मेलो असतो तं भेटलं असतं?"

"हो."

"मंग चुकलंच माझं."

सुनावणीला मी दोन साक्षीदार नेले. साहेबांनी विचारले, "जाळी कोणी काढली?"

"मीच काढली, साहेब," काका म्हणाले.

बाहेर येताच मी ओरडलो, "खोटं का बोललात?"

"मुकादम आपल्या गावचा आहे. बायकोले कारखान्यात सुताच्या कांड्या भरायले घेतो म्हणाला."

"आणि भरपाई?"

"ती एकदाच भेटते, पत्रकवाले. खाऊन संपते. कांड्या रोज भराव्या लागतात."

"ही लाच आहे, काका!"

"लिहा तुमच्या पत्रकात. मले कुठं वाचता येतं?"

मी लिहिले. नाव न घेता 'भित्रा' म्हटले, चाळीने ओळखले. काकांनी ते कुणाकडून तरी वाचून घेतले आणि त्याच कागदात तंबाखू बांधली. मी बोलणे टाकले.

काकूंना काम मिळाले. चार महिन्यांनी मुकादमाने त्यांच्या जागी आपली मेहुणी बसवली.

कळले तसा मी भरपाईचा नवा अर्ज लिहून धावलो. खोलीला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, "कालच गेले गावाले."

चौकटीवर चुन्याचे अंगठे होते. खांद्याच्या उंचीपासून, एकाखाली एक, लाकूड दिसू नये इतके दाट.

माझ्या हातातल्या अर्जावर अंगठ्याची जागा कोरी होती.