देवीला सांगायची खबर

फोन आला तेव्हा मी न्हावा शेव्याच्या यार्डात कंटेनरचं सील तपासत होतो. ‘यमुनाआत्या गेली,’ एवढंच चुलतभाऊ म्हणाला. महिना उलटला, तरी रविवारी सकाळी नऊच्या सुमारास फोनकडे लक्ष जातं... त्या वेळी तिचा फोन यायचा.

रेवदंड्याच्या आमच्या कोळीवाड्यात आत्या दर रविवारी देवीच्या मंडपात मुलं जमवायची. आरती झाली की खुंटीवरची टोपली खाली यायची. तिच्यात सुकट, बोंबील, कधी ताजे बांगडे. ज्यांची होडी बंद, ज्यांच्या घरी दुखणं, तिथं एकेक मूल वाटा घेऊन जायचं. वाटा दारात ठेवून पळायचं नाही. आत जाऊन बसायचं, पाणी प्यायचं आणि त्या घरची खबर आणायची. मुलं परतली की आत्या देवीपुढे हात जोडून एकेक सांगायची, ‘‘आई, पारूचा गुडघा सुजलाय. गणूची पोर नापास झाली, जेवत न्हाय.’’ तिची प्रार्थना एवढीच. लहानपणी मीही अशा खबरा आणल्या. आपलं कोण, हे मला तिथंच कळलं.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात माझी मुलगी सायली तिच्याकडे राहिली होती. मी न्यायला गेलो, तर पोरगी धर्माकाकांच्या घरातून टोपली हलवत येत होती. जाळी वाळवायच्या जागेवरून माझ्या वडिलांचं त्यांच्याशी भांडण झालेलं. वडील जाईपर्यंत दोघं बोलले नाहीत. मंडपात, सगळ्या मुलांसमोर मी आत्यावर ओरडलो, ‘‘माझ्या पोरीला त्या घरात कशाला पाठवलंस?’’

‘‘घसा फाडू नको रं, देवी बहिरी न्हाय,’’ आत्या म्हणाली. मुलं हसली. मग ती हळूच म्हणाली, ‘‘म्हातारा एकटा हाय. तुझा बाप असता तर त्याला पन पाठवला असता.’’

मी सायलीचा हात धरून निघालो. पुन्हा तिला पाठवलं नाही. आत्या मात्र दर रविवारी विचारायची, ‘‘काय खबर?’’ मी म्हणायचो, ‘‘सगळं ठीक.’’ बायकोच्या छातीतली गाठ काढली, तेव्हाही तेच म्हणालो. बायको आता बरी आहे. पण तेव्हा राग नव्हता उरला... आपलं दुखणं त्या मंडपात मुलांच्या कानांवर जाईल, याची लाज वाटली. ज्या मुलांत मी वाढलो, त्यांचीच मुलं ती.

दहाव्याला धर्माकाका काठी टेकत आले. म्हणाले, ‘‘सगल्यांचं सांगून झालं का यमुना शेवटी म्हनायची, आई, माझ्या भाच्याची खबर न्हाय आली.’’

गेल्या रविवारी सायलीला घेऊन गेलो. टोपली खुंटीलाच होती, तळाला सुकट चिकटलेली. बाजारातून बोंबील घेतले. धर्माकाकांच्या दारात माझे पाय अडले. सायलीनं मागून ढकललं. आत बसलो. काकांनी तांब्याभांडं पुढं सरकवलं. ‘‘तुझ्या बापाला पानी पाजायचं ऱ्हायलं माझं,’’ ते म्हणाले. ‘‘तू दोन भांडी पी.’’

प्यायलो. मंडपात परतून टोपली खुंटीला अडकवली. सायलीनं हात जोडले आणि देवीला सांगितलं, ‘‘आई, धर्माआजोबांचा खोकला वाढलाय.’’

पुढची खबर माझी होती. ती सांगायला मला बराच वेळ लागला.