दगडातले हात

आमच्या होडीतली शेळी खांद्यावर बसून काठाला गेली. माझी आई होडीतच राहिली.

ओहोटी होती. त्या बंदरात ओहोटीला होडी धक्क्याला लागत नसे. लांबच थांबायची, मधे मांडीभर चिखल. उतारूंना पाठीवर घेऊन काठावर सोडणारे गडी असत. त्यांचा धंदाच तो. शेठला नेलं. शेठची ट्रंक नेली. शेळी नेली. आईचं मूल कालपासून अडलेलं, म्हणून त्या गावच्या डॉक्टरांकडे निघालो होतो. ती होडीच्या तळाशी पडून कण्हत होती. बाप मुंबईला गोदीत. सोबत मी, आठ-नऊ वर्षांचा, आणि म्हातारी आत्या. आत्याने गड्यांपुढे पदर पसरला. त्यातला एक म्हणाला, "म्हारीण हाय ती. आमी शिवायचो नाय. भरती येऊ दे, मग उतरा."

भरती संध्याकाळी येणार होती.

काठावर आरडाओरडा ऐकून डॉक्टर आले. अंगात कोट. तसेच चिखलात शिरले. आईला दोन्ही हातांवर उचललं आणि निघाले. मधे एकदा गुडघ्यावर आपटले, पण तिला खाली टेकू दिलं नाही. मी त्यांचा कोट धरून मागे. गडी बघत उभे. एकाचाही हात पुढे झाला नाही.

पोट फाडून मूल काढणारे त्या किनाऱ्यावरचे ते पहिले डॉक्टर. आई वाचली. माझी बहीण झाली. पण म्हारणीला उचललं म्हणून त्यांच्याच आळीने त्यांच्या दारचं पाणी तोडलं. न्हावी येईना. शुद्ध करून घ्या म्हणाले, त्यांनी नाही करून घेतलं. दवाखाना मात्र एक दिवस बंद ठेवला नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो आणि पनवेलला भाताच्या गिरणीत लागलो. जन्मभर पाठीवर गोणी. कुणापुढे वाकलो नाही, वाकलो तो गोणीखाली. आता सुकापूरला मुलाकडे असतो.

नव्वद साल उलटून गेल्यावरची गोष्ट. डॉक्टरांचा नातू माझं घर शोधत आला. तोही डॉक्टर. म्हणाला, गावात आजोबांचा पुतळा उभा करतोय, खाली दगडात तो प्रसंग कोरायचाय, बघितलेला माणूस तुम्हीच उरलात. आता ते गाव हवा खायला येणाऱ्यांचं झालंय. लॉज, घोडागाड्या, शहाळीवाले. तो आमच्या घरात खाली बसला. सुनेने तांदळाची भाकरी आणि जवळा वाढला, तो त्याने मागून खाल्ला. काका म्हणाला मला. मला वाटलं, रक्त तेच आहे. मी सगळं सांगितलं. शेळी, आत्याचा पदर, गड्यांचे शब्द. आई दिसायला कशी, ते पण. कपाळावर गोंदण, गळ्यात काळा दोरा, बस. त्याचे डोळे भरले. म्हणाला, "जसंच्या तसं कोरतो, काका."

आईचा फोटो नाही आमच्याकडे. काढलाच नाही कधी. म्हणून बहीण आनंदाने वेडी झाली. दगडात का होईना, आय बघायची. उद्घाटनाला नवं लुगडं नेसून आली.

पडदा ओढला. वर डॉक्टर, झकास उभे. खाली कोरीव काम. डॉक्टरांच्या हातांवर एक बाई. नाकात नथ, अंबाड्यात फुलं, गळाभर सोनं. आणि भोवती तीन गडी, वाकून हात पुढे केलेले. बाईला घ्यायला.

बहिणीने जवळ जाऊन त्या बाईच्या कपाळावर गोंदण शोधलं. मग म्हणाली, "दादा, यात आय कुठं हाय?"



नातवाला गाठलं. तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "काका, त्या गड्यांची नातवंडं आज इथे लॉजवाली आहेत. त्यांना दुखवून मला गावात राहता येईल का? आजोबा तर आहेत ना दगडात? मग झालं."

म्हणजे ज्या गोष्टीला आजोबा घाबरले नाहीत, तिला नातू घाबरला. आणि माझ्या घरी जेवून गेला होता.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. डॉक्टरांचे जुने सेवक, म्हणाला बोलणारा. आम्ही कधी कुणाचे सेवक नव्हतो. खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ. नातू माइक पुढे करून हळूच म्हणाला, "मी हे पाहिलंय, एवढंच म्हणा."

आता कळलं बोलावलं कशाला. खोट्यावर माझा अंगठा पाहिजे होता.

मी म्हणालो, "मी बघितलंय. हे हात पुढं आले नव्हते. शेळीला आले, माझ्या आयला नाय. आणि ही बाई माझी आय नाय."

माइक बंद झाला. मग नुसत्या आवाजाने परत तेच बोललो. एकजण म्हणाला, म्हाताऱ्याला उन्हाने चढली. पुढच्या खुर्च्या हसल्या. शाल पायरीवर ठेवली, नारळ तिच्यावर. बहिणीचा हात धरला आणि स्टँडवर आलो. 

आता जमेल तेव्हा मी जातो. पहिली एसटी धरतो. ओहोटीला त्याच चिखलात उतरतो, ओंजळ भरतो आणि पुतळ्याखालच्या त्या तिघांचे हात कोपरापर्यंत लिंपून टाकतो. डॉक्टरांना लावत नाही. त्यांच्या अंगाला तो खरा लागलेला आहे. फिरायला आलेले लोक विचारतात, बाबा, हे काय करताय? मग सांगतो. शेळीपासून सांगतो.

पालिकेचा माणूस नळीने धुतो. मागच्या खेपेला पोलिसात देईन म्हणाला. म्हटलं, दे. तिथे पण शेळीपासूनच सांगीन.

ओहोटी रोज आहे. हे हात मागे घेत नाहीत तोवर मी येणार.