पडदा काळा, आवाज चालू

मंडळी, मोबाइलमधलं कळणाऱ्यांनी जरा सांगा.

आत्याच्या लग्नाची भूकंपाआधीची कॅसेट लातूरला स्टुडिओतून पेनड्राइव्हवर करून आणली. तिथल्या कॉम्प्युटरवर मस्त दिसली. आज आईच्या मोबाइलवर लावली, तर पडदा काळा, नुसता आवाज. ब्राउझरमध्ये उघडली, तरी तेच. मी वैतागलो.

आई म्हणाली, "असू दे. मी ऐकायलेय."

आजोबा माईकवरून आलेल्या पाहुण्यांची नावं पुकारत होते. प्रत्येक नावाला आई मान हलवायची. त्यातले कितीतरी जण भूकंपात गेले. आजोबाही.

मधेच आजोबा गरजले, "सूनबाई, पाव्हण्यांला पाणी दिलं का?"

आईनं झटकन पदर डोक्यावर घेतला. "हाव मामंजी, दिलं."

फॉरमॅट बदलला की चित्रही येईल म्हणे. पण हात चालंना. तुम्ही बदलला असता?