ढावलोसाठी घेतलेला प्लेअर

होळीनंतरच्या आठवड्यात, घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी, आईने पहिल्यांदा स्वतःसाठी प्लेअर विकत घेतला. निवडायला दीड तास लागला. सोबत मी होतो.

त्याआधीच्या पावसाळ्यात आईच्या घशाचे ऑपरेशन झाले होते. आवाज परत येणार नाही हे डॉक्टरांनी अगोदरच सांगितले होते. तेव्हापासून ती बोलते ते केवळ श्वासातून. अगदी जवळ बसलेल्यालाच ऐकू येते. माझ्या मोठ्या भावाच्या मुलीचे लग्न वैशाखात ठरले होते. आम्हा बंजाऱ्यांत नवरी सासरी निघताना घरातल्या एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते. त्या गाण्याला ढावलो म्हणतात. तो नवरीनेच म्हणायचा असतो आणि आधी कोणीतरी शिकवावा लागतो. आमच्या तांड्यात ते काम आईकडे होते.

पुतणी यवतमाळला मैत्रिणींबरोबर खोली करून राहते आणि लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचे काम करते. लग्न ठरल्यावर ती मला म्हणाली, "काका, रडता तं मले येते, गाता नाई येत. नुसतीच रडली तं बाया म्हणतीन, आजी घरात असून पोरगी कोरीच धाडली." आमची घरची बोली गोरबोली. इथे ती वऱ्हाडीत लिहितो आहे.

माझ्या मोबाइलमध्ये आईचा जुना आवाज होता. काही वर्षांपूर्वी ती नात्यातल्या एका मुलीला ढावलो शिकवत होती, तेव्हा फोन नवा होता म्हणून मी सहज भरून ठेवला होता. चौदा मिनिटे. आधी त्यावरच शिकवणी करून पाहिली. दोन अडचणी आल्या. आईची बोटे आयुष्यभर कापूस वेचून टणक झालेली आहेत. काचेवर टेकवली तरी फोनला कळत नाहीत. शिवाय ओळ रंगात आली की कोणाचा तरी फोन येतो. आईने फोन माझ्याकडे सरकवला आणि हवेत अंगठा दाबून दाखवला. तिला बटण हवे होते.

घाटंजीतल्या दुकानदाराने आम्हाला पाहताच एक काळा डबा पुढे ठेवला.

"वावरासाठी पाह्यजे ना? डुकरं हाकलाले? हा घ्या. कुत्र्यायच्या भुकण्याचा आवाज यात भरूनच येते. बांधावर ठेवला तं पार नाल्यापलीकडे जाते."

"डुकरांसाठी नाही," मी म्हणालो. "गाणं ऐकायला. आईसाठी."

"मंग हा पाहा आजी. लायटा पाहा याच्या. लगनात पोट्टे रातभर नाचतीन."

आई माझ्या कानाशी आली. मी तिचे म्हणणे दुकानदाराला सांगितले, "ती विचारते, लाइट बंद करता येतात का?"

"लायटा बंद केल्यावर उरलं काय यात? थ्याच तं शान आहे."

आई पुन्हा कानाशी आली. "ती म्हणते, मग शान काढून द्या, डबा दाखवा."

दुकानात बसलेल्या दोन बाया हसल्या. दुकानदारही हसला. त्यानंतर मात्र तो डबे दाखवताना माझ्याकडे न पाहता आईकडे पाहू लागला.

आईची पाहण्याची पद्धत अशी होती. डबा मांडीवर घ्यायचा, डोळे मिटायचे, बटणे चाचपायची. सपाट बटणांचे तीन डबे तिथेच बाजूला गेले. उरलेल्यांत तिने माझे मेमरी कार्ड घालायला लावले. गाणे सुरू करायचे, मध्येच थांबवायचे, चार श्वास जाऊ द्यायचे आणि पुन्हा बटण दाबायचे. एक डबा प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू झाला. दुसऱ्यात एक बाई दर वेळी हिंदीत काहीतरी जाहीर करायची. आईने तिच्याकडे, म्हणजे डब्याकडे, हात जोडले.

शेवटी वरच्या फळीवरून एक जुना प्लेअर निघाला. राखाडी रंग, जाड उंचवट्याची चार बटणे, दिवा एकच. कपड्याने पुसूनही त्याच्या जाळीतली धूळ गेली नाही.

"आजी, याले कोणी विचारत नाई आता. ब्लूटूथ नाई, काई नाई."

थांबवलेले गाणे तो थांबल्या जागेवरून उचलत होता. आईने तो खाली ठेवला नाही. दिवे लागणाऱ्या डब्यापेक्षा तो निम्म्या किमतीत मिळाला. दुकानदाराने हजार गाणी फुकट भरून देतो म्हटले. आईने मान हलवली. तिला एकच हवे होते.

चूक घरी आल्यावर लक्षात आली. मागे जायचे बटण दाबले की प्लेअर एक ओळ मागे जात नव्हता. चौदा मिनिटांच्या अगदी सुरुवातीला जात होता. दुकानात आम्ही थांबवून पाहिले होते, मागे जाऊन पाहिले नव्हते. आईला तर एकेक ओळ दहा-दहा वेळा हवी होती.

यावर उपाय माझ्या रोजच्या कामात होता. वर्तमानपत्राच्या कचेरीत मी लोकांची भरून आणलेली बोलणी वेबसाइटसाठी कापून नीट करतो. त्याच पद्धतीने ढावलोच्या एकोणीस ओळी वेगळ्या केल्या. एक ओळ, एक फाइल. आता मागचे बटण दाबले की तीच ओळ पुन्हा लागणार होती. कापताना सवयीप्रमाणे साफही केले. कुत्रे काढले, खोकला काढला, शिकणाऱ्या मुलीचे हसणे काढले. दोन ओळींच्या मधले आईचे हुंदके काढले. ओळी स्वच्छ झाल्या.

पुतणीच्या पुढच्या सुटीच्या दिवशी तिघे अंगणात बसलो. आईने तीन ओळी ऐकल्या आणि प्लेअर बंद केला.

"हे कोण म्हणून राह्यलं?" तिने विचारले.

"तूच."

"मी नाई. हे तं बातम्यावाली आहे."

पुतणी म्हणाली, "आजी, मले तं सोपं वाटते असं. लावा, मी म्हणतो."

तिने प्लेअरबरोबर म्हणायला सुरुवात केली. चौथ्या ओळीच्या मध्यावर तिचा श्वास संपला. पुन्हा सुरू केले. पुन्हा चौथ्या ओळीतच संपला. तिसऱ्यांदा तिला खरेच रडू आले आणि गाणे तिथेच बंद पडले.

आईने तिचे डोके स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतले, पाठीवर तळहात ठेवला आणि दोनदा दाबला. मग मला जवळ बोलावले. ती जे बोलली ते मी पुतणीला मोठ्याने सांगत गेलो. ओळ संपली की दोन हुंदके. पहिल्यात श्वास घ्यायचा. दुसऱ्यात, जिच्या गळ्यात पडलो ती रडूनच उत्तर देते. रडू खरे असते, ते कधीही येणार. हुंदक्याला गाण्यात ठरलेली जागा आहे, म्हणून ते आले तरी ओळ मोडत नाही. ती जागाच काढली तर रडू ओळीत शिरते.

"तुह्या काकानं जागाच कापून टाकली," आईने सांगितले. हेही मीच मोठ्याने सांगितले.

"काका, पेपरात बी असंच करता काय?" पुतणी डोळे पुसत म्हणाली.

मूळ चौदा मिनिटे फोनमध्ये शाबूत होती. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कापले. या वेळी प्रत्येक ओळीमागचे दोन्ही हुंदके तिला जोडून ठेवले. शिकणाऱ्या मुलीचे हसणेही राहिले, कारण ते पाचव्या ओळीच्या दुसऱ्या हुंदक्यावर पडले होते.

शिकवणी पाच सुट्यांत झाली. आई बटण दाबायची, पुतणी म्हणायची. चुकले की आई तोंडाने काही सांगत नसे; मागचे बटण दाबायची. सहाव्या ओळीसाठी ते एका दुपारी इतके दाबले गेले की वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता तं बकरीलेही आली असन थे ओळ." पाचव्या सुटीला पुतणीने एकोणीसही ओळी प्लेअरशिवाय म्हटल्या.

लग्न वैशाखात झाले. पाठवणी सकाळी होती. पुतणी आधी माझ्या भावाच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, मग वहिनीच्या गळ्यात पडली. वहिनीने प्रत्येक दुसऱ्या हुंदक्यावर उत्तर दिले. शेवटी ती आईकडे आली. उत्तराच्या जागी आईच्या तोंडून आवाज निघाला नाही. तिने पुतणीच्या पाठीवर तळहात दाबला. पुतणीने पुढची ओळ उचलली. दर दुसऱ्या हुंदक्याला तसेच झाले. भोवतीच्या बायांपैकी कोणी आईच्या जागी उत्तर दिले नाही.

सतराव्या ओळीनंतर वरपक्षाकडून घाई झाली आणि तिला गाडीत बसवण्यात आले. उरलेल्या दोन ओळी तिने गाडीत म्हटल्या. तिच्यासोबत गेलेल्या दोन बायांना मी नंतर वेगवेगळे विचारले. दोघींनी तेच सांगितले.