भात सोडल्यावर

नवऱ्याने भात सोडला तेव्हा सासूबाई आधी हसल्याच. त्यांचा जन्म भातशेतीत गेलेला. “भात न्हाय खायाचा, त मंग खायाचा काय?”

“आदिमानव खायचा ते,” तो म्हणाला.

पूर्णा गावातल्या एका गोदामात तो सुपरवायझर आहे. तिथल्या कुणीतरी त्याला मोबाईलवर व्हिडिओ दाखवले होते. मासे, मटण, अंडी, भाज्या, फळं चालतील. धान्य, डाळ, दूध, साखर बंद. शेती नव्हती तेव्हा माणसाला मधुमेह नव्हता म्हणे. ह्याला होता, आणि गोळ्यांचा कंटाळाही आला होता.

फरक पडला, हे खोटं कसं म्हणू? पोट उतरलं. जिना चढताना लागणारी धाप थांबली. जेवल्यावर येणारी सुस्ती गेली. नारपोलीच्या आमच्या गल्लीत लोक थांबवून विचारायला लागले, काय औषध घेता?

मला मात्र भीती वाटायची. कधी जेवायला उशीर झाला की त्याचे हात थरथरायचे. रागही लगेच यायचा. एकदा मी म्हटलं, “अहो, डॉक्टरांना सांगितलंत का हे सगळं?”

“चांगलं होतंय ते काय सांगायचं? बिघडलं की सांगू.”

रोज तो मोटरसायकलवर कंटेनरच्या गर्दीतून जायचा. तो पोहोचल्याचा फोन येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

बिघडलं ते घरीच. रविवार होता. सकाळी गोळी घेऊन तो नुसतं एक उकडलेलं अंडं खाऊन बाजारात गेला होता. दुपारी परतला आणि दारातच उभा राहिला. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, चेहरा पांढराफटक. “गाडी पीछे लो,” तो म्हणाला. “अरे, पीछे लो!”

मला वाटलं, गोदामातल्या ड्रायव्हरशी फोनवर बोलतोय. हातात फोन नव्हता.

मी पुढे होऊन त्याचा दंड धरला. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मी कुठेच नव्हते. अगदी अदबीने त्याने विचारलं, “आप कौन?”

शेजारच्या कापड कारखान्यातल्या लूमची खडखड चालू होती, आणि तिच्यात माझी हाक मलाच ऐकू येईना. सासूबाई आतून धावत आल्या. आम्ही त्याला भिंतीला टेकवून बसवलं. तो गिळू शकत होता, तेवढं नशीब. मी पाण्यात साखर ढवळली. तो पेला ढकलायचा, सासूबाई त्याचं डोकं धरून म्हणायच्या, “गिल रं बाला, गिल.”

थोडा सावरल्यावर रिक्षाने दवाखान्यात नेलं. वाटेत तो पुन्हा गुंगीत गेला, तेव्हा वाटलं, संपलं.

डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, “वजन घटलं, साखर घटली, उत्तमच झालं. पण भात-भाकरी बंद केलीत तर गोळ्या तेवढ्याच कशा चालतील? खाण्यातून साखर येत नाही आणि गोळी आहे ती साखर खाली ओढतेय. मला विचारायला हवं होतं.” गोळीचा अंमल उतरेपर्यंत त्यांनी त्याला ठेवून घेतलं. मूत्रपिंडाची तपासणीही केली. इतकं मांस मूत्रपिंडांना झेपतंय का, हे त्यांना पाहायचं होतं. रिपोर्ट येईपर्यंत मी तिथून हलले नाही. तो बरा आला.

आता गोळ्या डॉक्टरांनीच कमी केल्यात. मासे, अंडी, भाज्या तशाच आहेत. साखर, मैदा घरात येत नाही. जेवताना तो एक भाकरी आणि वाटीभर डाळ घेतो. तब्येत खरंच आधीपेक्षा चांगली आहे. तरी फोनवर तो एखादं वाक्य हिंदीत बोलला की मी हातातलं काम टाकून त्याचा चेहरा बघते.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने मला विचारलं होतं, “मी तुला काही बोललो का गं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “पाणी मागितलंत.”